मावळतीचा ओटा

दर गुरुवारी दुपारचे साडेचार वाजले की नागपुरातल्या नंदनवन वस्तीच्या पलीकडे, प्लॉट पाडलेल्या मोकळ्या लेआउटमध्ये पाय ठेवायला जागा उरत नसे. रस्त्यापर्यंत लागलेल्या दुचाक्या, एक संत्रेवाली, दोन चणेवाले, चपला सांभाळणारा वेगळाच माणूस, आणि मधोमध हातात नंबराच्या चिठ्ठ्या घेऊन बसलेली तीनेकशे माणसं. सगळ्यांच्या नजरा पश्चिमेच्या टोकाला बांधलेल्या सिमेंटच्या ओट्याकडे. ओट्यामागे काहीच नव्हतं. ना घर, ना झाड, नुसतं उघडं आभाळ आणि कलता सूर्य. त्या ओट्यावर उभं राहून फोटो काढला की माणसावर बाधेची सावली असेल तर ती फोटोत दिसते, अशी उजेडनाथ महाराजांची ख्याती होती.

महाराज स्वतः समोर, पूर्वेच्या बाजूला उंच आसनावर बसत. अंगावर पिवळं रेशीम, कपाळभर चंदन आणि चेहऱ्यावर असं तेज, की पाहणाऱ्याचे हात आपोआप जुळावेत. भक्त आपापल्या मोबाइलवर त्यांचे फोटो काढत आणि एकमेकांना दाखवत. "पाहा ना जी, कसा सोन्यावानी चेहरा दिसून राहिला!" महाराजांचा फोटो काढायला कोणालाही मनाई नव्हती. ओट्यावरच्या माणसाचा फोटो मात्र आश्रमाच्याच मोबाइलवर, आणि तोही महाराजांचे पट्टशिष्य अनंत यांच्याच हातून निघे. तो मोबाइल म्हणे मंतरलेला होता.

"कॅमेरा झूठ बोलत नाही, बेटा!" महाराज माइकवरून सांगत होते. "जबान झूठ बोलते. डोळे झूठ बोलते. पण काचेचा हा डोळा कोणाच्या बापाचं ऐकत नाही. ज्याच्यावर सावली, त्याचा चेहरा काळा. सावली उतरली, की तोच माणूस, तोच ओटा, तोच मोबाइल आणि चेहरा उजळ! ही नुसती श्रद्धा नाही. हे सायन्स आहे!"

सायन्सचं नाव निघाल्यावर तीनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. शाळेत त्याच विषयात नापास झालेल्यांनी जरा जास्तच वाजवल्या.

मागच्या बाजूला, दुखरा गुडघा चोळत, गिरिधर उभा होता. वय एकसष्ट. नंदनवनातल्या 'प्रभा फोटो स्टुडिओ'चा मालक, फोटोग्राफर, आणि आता जास्त करून झेरॉक्सवाला. छत्तीस वर्षांच्या सवयीनं त्यानं इथे आल्याआल्या आपला तळहात डोळ्यांसमोर धरून पाहिला होता. कुठेही गेला तरी तो हे करायचा, उजेड कुठून येतो ते पाहायला. ओट्याकडे तोंड करून धरलेला तळहात काळपट दिसला. पाठ फिरवून धरला, तर उन्हानं झळाळला. त्याला पुढचं काही पाहायची गरजच उरली नाही. हा खेळ त्याला समजला होता, आणि समजल्याबरोबर त्याला नेहमीसारखा थकवा आला.

त्याला इथे ओढून आणलं होतं शेजारच्या शोभाताईंनी. त्यांचे यजमान गणपतराव हे गिरिधरचे जुने मित्र. दिवाळीनंतर त्यांना लकव्याचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी वर्षभर घेतल्या नव्हत्या, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण ते कारण शोभाताईंना फारच साधं वाटलं. त्या महाराजांकडे आल्या. महाराजांनी एकच प्रश्न विचारला, "घरात बाहेरून कोण आलं?" प्रत्येक घरात बाहेरून आलेलं कोणी ना कोणी असतंच. ती सून असते.

सुनेचं नाव रितिका. माहेर भिवापूरचं, मिरचीच्या व्यापाऱ्याचं घर. सावळी, चटपटीत, तीन वर्षांच्या मुलीची आई. सासऱ्यांच्या हातापायाचा व्यायाम रोज सकाळी तीच करवून घेई. पहिल्या गुरुवारी तिचा फोटो काळा आला. सात दिवस रोज सकाळी येऊन अनंतकडून उतारा करून घे, शेवटच्या सकाळी पुन्हा फोटो निघेल, असं महाराजांनी सांगितलं. ती म्हणाली, "सकाळी बाबांचा व्यायाम असते. तो चुकला तर बोटं आखडतात. मी नाही येत." भर गर्दीत महाराजांना कोणी असं उत्तर दिलं नव्हतं. आज दुसऱ्या गुरुवारी तिला पुन्हा ओट्यावर चढवलं होतं.

अनंतनं मोबाइल उचलला. खट्. मोठ्या पडद्यावर फोटो उमटला. मागे पांढरंफटक आभाळ, आणि पुढे साडी नेसलेली एक काळी आकृती. नाक नाही, डोळे नाहीत. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"कोणाले शंका आहे?" महाराज गरजले. "असंल तर पुढे या! फोटोचा जाणकार आहे का कोणी?"

"आहे ना, महाराज! हे आमचे गिरिधरभाऊ! छत्तीस वर्षांपासून फोटो काढून राहिले!" शोभाताईंनी गिरिधरला जवळजवळ ढकललंच.

अनंतनं मोबाइल त्याच्या हातात दिला. गिरिधरनं चष्मा सारखा केला. उन्हाकडे पाठ असली तरी चेहरा आपोआप उजळ काढायची सोय आजकालच्या फोनमध्ये असते. या फोनात ती मुद्दाम बंद करून ठेवली होती. म्हणजे अनंत अडाणी नव्हता.

"सांगा," महाराजांनी विचारलं, "फोटोत काही मिलावट आहे?"

"मिलावट नाही," गिरिधर म्हणाला. "फोटो खरा आहे. पण..."

'पण'पर्यंत माइक पोचलाच नाही. अनंतनं तो केव्हाच काढून घेतला होता. "ऐकलं? छत्तीस वर्षांचा अनुभव! जाणकार माणूस सांगते, फोटो खरा आहे!" जयजयकार झाला. संत्रेवालीनंसुद्धा हात जोडले.

गिरिधर ओरडू शकला असता. पण कोणासाठी? पूर्वी त्यानं एका घराला समजावलं होतं, की फोटोत दिसणारा पांढरा धूर म्हणजे आजोबांचा आत्मा नाही, लेन्सवरची वाफ आहे. त्या घरानं पुढची चार लग्नं दुसऱ्या फोटोग्राफरला दिली. दुसऱ्या एकानं त्याला नास्तिक म्हणून हळदीकुंकवातून त्याच्या बायकोचं, सुमतीचं नाव कापलं होतं. लोकांना समजावून समजावून तो दमला होता. खाली मान घालून तो रांगेत परतला. ओट्यावरून उतरताना रितिकानं त्याच्याकडे पाहिलं. गिरिधरनं नजर चुकवली.

शनिवारी दुपारी शोभाताई दुकानात आल्या. काखेत लग्नाचा जाडजूड अल्बम, बोटाला धरून नात वेदिका. काउंटरवर गिरिधरची बायको सुमती आधार कार्डांच्या झेरॉक्स काढत होती.

"भाऊ, महाराजांनी निकाल दिला," शोभाताई खुर्चीत बसत म्हणाल्या. "तिले सव्वा वर्ष भिवापूरले ठेवायचं. सावली घरात नको म्हणते. येत्या शुक्रवारी आमचा पोरगा, जितेंद्र, नेऊन घालते."

"आणि ही?" सुमतीनं वेदिकाकडे बोट केलं.

"हिले तिच्यासंग कशी पाठवू वं? लेकराले बाधलं मंग? ही आमच्यापाशीच राहते."

सुमतीनं झेरॉक्स मशीनचं झाकण आपटलं. "शोभाताई, तीन वर्षांचं पोर आईपासून तोडता? आणि तुमच्या यजमानांचा व्यायाम कोण घेणार? महाराज?"

"मले काय हौस आहे का?" शोभाताईंचा आवाज कापला. त्या दुष्ट नव्हत्या. घाबरलेल्या होत्या, आणि घाबरलेलं माणूस काय करील याचा नेम नसतो. "सहा हप्ते झाले, यायच्या तोंडातून धड शब्द निघून नाही राहिला. मी कोणाले विचारू? आणि भाऊ, तुम्हीच तर म्हणाले फोटो खरा आहे. हे पाहा ना." त्यांनी अल्बम उघडला. "लग्नातला तिचा चेहरा पाहा. कशी उजळ, गोरीपान. आणि आता? मले सांगा, पाच वर्षांत माणसाचा चेहरा असा उतरते का? काही तरी लागलं तिच्या मागं, तेव्हाच ना?"

गिरिधरनं अल्बमकडे पाहिलं. हा अल्बम त्याचाच होता.

तेवढ्यात वेदिका टाचा उंचावून काउंटरवर वाकली. नवरीच्या फोटोवर तिनं आपलं चिकट बोट टेकवलं आणि विचारलं, "आजी, हे कोन आहे वं?"

"आई आहे ना तुझी."

पोरीनं पुन्हा नीट पाहिलं. "नाही," ती म्हणाली, आणि तिचं लक्ष चॉकलेटच्या बरणीकडे गेलं.

गिरिधरनं विषय बदलला. म्हणजे पळ काढला. "शोभाताई, जरा माझ्याबरोबर गच्चीवर चला," तो म्हणाला. पाचच्या उन्हात त्यानं त्यांना पश्चिमेकडे पाठ करून उभं केलं. स्वतःच्या मोबाइलमधली ती उजळायची सोय बंद केली आणि फोटो काढून दाखवला. "पाहा. तुमचाही चेहरा काळाच आला. हे सगळं उन्हाचं आहे. मागे आभाळ लख्ख असलं, की कॅमेरा आभाळाच्या हिशेबानं उजेड कमी करतो. पुढचा माणूस अंधारात जातो. एवढंच."

शोभाताईंनी फोटो पाहिला आणि त्या मटकन खाली बसल्या. "अरे देवा! माह्यावरबी आली! एका घरात राहून मलेबी लागली नं तिची सावली!"

गिरिधर कठड्याला टेकला. एखाद्याला दिवा दाखवावा आणि त्यानं आग लागली म्हणून ओरडत सुटावं, तशी गत झाली होती. शोभाताई जिना उतरून गेल्या, त्या थेट शुक्रवारची तयारी करायला.

सुमती वर आली तेव्हा तो तसाच उभा होता.

"झालं समाधान?" तिनं विचारलं. "अर्धीच गोष्ट सांगितली तुम्ही. उन्हाचं सांगितलं, अल्बमचं सांगितलं नाही."

"काय सांगायचं अल्बमचं?"

"मला विचारता? कॉम्प्युटरवर बसून ती पोरगी कोणी गोरी केली? मी चहा आणून ठेवला होता तुमच्याजवळ, मला आठवतं."

खरं तर कोणी गिरिधरला तसं सांगितलंही नव्हतं. सांगायची गरजच नसे. नागपुरातल्या सगळ्याच स्टुडिओंसारखी त्याचीही ती रीत होती. नवरी आली की आधी चेहऱ्यावरचा उजेड एक पायरी चढवायचा, मग गालाचा रंग धुवायचा, मग हात मानेला मिळवून घ्यायचे. नवरदेव असेल तसा राहू द्यायचा. अल्बम घरी गेला की माणसं खूश व्हायची. वीस वर्षांत एकाही घरानं, "ही आमची मुलगी नाही," म्हणून अल्बम परत आणला नव्हता. ते आज तीन वर्षांच्या पोरीनं सांगितलं होतं.

"ते सांगितलं तर माझ्या दुकानात कोण येईल, सुमती?"

"आत्ता कोण येतं?" सुमती म्हणाली आणि वाळलेले कपडे काढू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गणपतरावांना भेटायला गेला. रितिका त्यांची बोटं एकेक करून उघडत होती, मिटत होती. "बाबा, पाच झाले, अजून पाच." गणपतरावांच्या घशातून काहीतरी आवाज निघाला. तिला तो कळला. "हो, चहा देते. आधी पाच." मग मान वर न करता ती गिरिधरला म्हणाली, "काका, तुम्ही त्या दिवशी 'पण' म्हणाले होते. मले ऐकू आलं. त्याच्यापुढे काय होतं?"

गिरिधरनं चष्मा काढून पुसला.

"मी जाईन भिवापूरले," ती म्हणाली. "घरचे काही मले उपाशी नाही ठेवत. पण वेदिका रात्री माझ्या पोटावर पाय टाकल्याशिवाय झोपत नाही." एवढं बोलून ती पुन्हा बोटं मोजू लागली. गणपतरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला त्यांचा हात वर येत नव्हता.

जिना उतरताना गिरिधरनं ठरवलं. आनंदानं नव्हे. गुडघा दुखत असताना जिना चढावाच लागतो, तशा मनानं ठरवलं. उन्हाचं शास्त्र सांगून उपयोग नव्हता. माणूस काळा आला की लोक म्हणणार, लागलं. जिच्यावर कोणालाही संशय घेता येणार नाही अशी वस्तू ओट्यावर ठेवायला हवी होती. आणि ती शोभाताईंच्या देवघरातच होती.

गुरुवारी गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. शोभाताई पहिल्या रांगेत, शेजारी जितेंद्र खाली मान घालून, त्याच्याजवळ रितिका. शोभाताईंच्या मांडीवर लाल कपड्यात गुंडाळलेली महाराजांची तसबीर होती. फ्रेममधले महाराज पिवळ्या रेशमात, हसतमुख, गोरेपान. गिरिधरनंच त्यांना ती आणायला सांगितली होती. "ओट्यावर ठेवून एक फोटो काढून घेऊ. घरात लावता येईल," एवढंच तो म्हणाला होता. त्यात खोटं काही नव्हतं.

महाराजांचं प्रवचन संपता संपता गिरिधर उठला. "महाराज, एक विनंती. मागच्या गुरुवारी तुम्ही मला साक्षीला उभं केलं. आज माझी एक इच्छा आहे. ओट्यावर आपली तसबीर ठेवून आपल्याच मोबाइलवर एक फोटो काढावा. सगळ्यांना तेजाचं दर्शन होईल."

अनंत चटकन पुढे आला. "तसबिरीचा फोटो काढत नसतात."

"काहून नाही?" मागून कोणीतरी ओरडलं. "महाराजांचं तेज पाहू द्या ना आम्हाले!" "काढा, काढा!" "जय उजेडनाथ!" गर्दीला आता थांबवणं कोणाच्याही हातात नव्हतं. तिच्या भक्तीनंच अनंतला ओट्यापर्यंत ढकलत नेलं. महाराज हसले, पण हसू जरा उशिरा आलं.

शोभाताईंनी स्वतःच्या हातानं तसबीर ओट्यावर ठेवली, पदरानं काच पुसली. मागे हिवाळ्यातला सूर्य आभाळभर पसरला होता. अनंतनं मोबाइल उचलला. त्याचा अंगठा पडद्यावर उजळायच्या त्या सोयीकडे सरकू लागला, तसा गिरिधर शांतपणे म्हणाला, "तिकडे हात नको. मागच्या गुरुवारी लावला नव्हता, आजही लावू नका."

खट्.

पडद्यावर पांढरंफटक आभाळ उमटलं. त्याच्यापुढे एक काळी चौकट. चौकटीत रेशीम नाही, चंदन नाही, हसू नाही. महाराजांचा चेहरा तव्यासारखा काळा आला होता.

चणेवाल्याचा हात पुडीतच राहिला.

महाराजांनी मात्र वेळ घालवला नाही. "हे पाहा!" त्यांनी रितिकाकडे बोट रोखलं. "या बाईची सावली! हिचा हात लागला तसबिरीले! घरात राहून हिनं माझं तेजसुद्धा झाकलं!"

"नाही जी," शोभाताई नकळत बोलून गेल्या. "तिचा हात कसा लागंल? तुम्ही सांगितल्यापासून तिले देवघरात पायच ठेवू देत नाही मी. फुलंबी मीच वाहते."

आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. त्या तसबिरीकडे पाहत राहिल्या, मग पडद्याकडे, मग महाराजांकडे.

"आता सगळ्यांनी उठा," गिरिधर म्हणाला. त्याला माइक कोणी दिला नाही, पण आता त्याची गरजही नव्हती. "उठा आणि आपला तळहात असा समोर धरा. ओट्याकडे तोंड करा. हात कसा दिसतो? काळपट. आता महाराजांकडे वळा. आता?"

तीनशे तळहात वळले आणि उन्हानं उजळले. एक म्हातारा आपलाच हात नवीन असल्यासारखा निरखू लागला.

"ओट्यावरच्या माणसाच्या पाठीवर ऊन आहे. महाराजांच्या तोंडावर ऊन आहे. म्हणून तुमच्या मोबाइलमध्ये ते सोन्यासारखे येतात. कॅमेऱ्याला माणूस कळत नाही, हो. त्याला पाप कळत नाही, सून कळत नाही. समोर जेवढा उजेड आहे तेवढा तो गोळा करतो आणि सरासरी काढतो. मागे आभाळ पेटलेलं असलं की तो घाबरून डोळे बारीक करतो, आणि चेहरा अंधारात जातो. आणि उतारा सकाळीच का? तोच ओटा, तोच माणूस, तोच मोबाइल. खरं आहे. फक्त सूर्य तो राहत नाही. सकाळी तो पूर्वेला असतो, थेट तोंडावर. सात दिवस कशाला, पहिल्याच सकाळी चेहरा उजळ येईल. महाराज सकाळी कोणाला दर्शन का देत नाहीत, हे विचारलं कधी कोणी? सकाळी या आसनावर त्यांचाच चेहरा काळा येतो."

"रितिका, इकडे ये." त्यानं तिला आसनाजवळ, मावळतीकडे तोंड करून उभं केलं. मोबाइल अनंतच्या हातून काढून एका भक्ताच्या हातात दिला. "तुम्ही काढा, भाऊ." खट्. पडद्यावर रितिका उमटली. उन्हानं डोळे बारीक झालेले, पण नाक, ओठ, कपाळावरची टिकली, सगळं लख्ख.

"आता महाराज, आपण ओट्यावर या. एकच फोटो."

महाराज उठले. "ध्यानाची वेळ झाली," असं काहीतरी पुटपुटत ते आसनामागच्या आश्रमाच्या खोलीत गेले. आतून कडी लागल्याचा आवाज पुढच्या दोन रांगांना ऐकू आला.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. काहीजण हसले, काहीजण रागावले, आणि बरेचसे आपण इथे आलोच नव्हतो असा चेहरा करून चपला शोधू लागले. पण जितेंद्र जागेवरून हलला नव्हता. "काका," तो दबक्या आवाजात म्हणाला, "उन्हाचं समजलं. पण लग्नाचा अल्बम? त्याच्यात हिचा चेहरा उजळ आहे. तो तर तुम्हीच काढला."

हा प्रश्न येणार हे गिरिधरला माहीत होतं. त्यानं पिशवीतून दोन फोटो काढले आणि शोभाताईंच्या हातात दिले.

"हा अल्बममधला. आणि हा कॅमेऱ्यातून निघाला तसा, हात न लावलेला. काल रात्रभर जुन्या डिस्का चाळून काढला." दुसऱ्या फोटोत मुंडावळ्या बांधलेली सावळी रितिका मनापासून हसत होती. "तिचा चेहरा उतरला नाही, शोभाताई. तो कधी तसा नव्हताच. मी कॉम्प्युटरवर तिला गोरी केली. तुम्ही सांगितलं नव्हतं. मी सगळ्याच नवऱ्या गोऱ्या करतो. तुम्ही पाच वर्षं माझा खोटेपणा खरा धरला आणि खऱ्या पोरीवर संशय घेतला. महाराजांनी तर उन्हाचा फायदा घेतला. त्यांना पुरावा मी दिला."

त्याला वाटलं होतं, हे बोलून हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. नुसती लाज वाटली, तीनशे माणसांसमोर, धडधडीत.

मग तो उरलेल्या लोकांकडे वळला. "माझं ऐकू नका. मीही तुम्हाला फसवलंय. आपला हात धरून पाहा, आपलं डोकं वापरा. घरात आजार आला तर डॉक्टरला विचारा, गोळ्या वेळेवर घ्या. आणि फोटो काळा आला तर सुनेकडे पाहू नका, आधी सूर्य कुठे आहे ते पाहा. घरच्या बाईला अवदसा ठरवणं हा आपल्या राज्यात कायद्यानं गुन्हा आहे. ते ठरवणाऱ्यालाही आणि ऐकून टाळ्या वाजवणाऱ्यांनाही त्याची लाज वाटायला हवी."

"मी तक्रार देणार आहे," रितिका म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण पहिल्या रांगेपासून शेवटच्या दुचाकीपर्यंत तो पोचला. "काका, तुम्ही साक्षीले याल ना? या वेळी 'पण' आधी सांगा."

"येईन," गिरिधर म्हणाला.

शोभाताईंनी ओट्यावरची तसबीर उचलली. ती काखेत मारावी की टाकून द्यावी हे त्यांना ठरवता येईना. शेवटी ती त्यांनी पालथी करून पायरीवर ठेवली आणि सुनेजवळ जाऊन उभ्या राहिल्या. क्षमा वगैरे शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. "चाल वं," एवढंच म्हणाल्या. "त्यायचा संध्याकाळचा चहा राहिला."

सूर्य टेकला होता. उन्हाची धार गेली होती आणि सगळीकडे सारखा, मऊ उजेड पसरला होता. फोटोग्राफरला दिवसात असा उजेड दहा मिनिटं मिळतो. "काका, कॅमेरा आणला आहे का?" रितिकानं विचारलं. "माझा एक फोटो काढा. धड."

पिशवीत तो होताच. गिरिधरनं आपला तळहात तिच्या चेहऱ्याजवळ, त्याच उजेडात धरला, हातावरच्या उजेडाचं माप घेतलं, तळहात मुळातच उजळ असतो आणि त्याच्या मापानं फोटो जरा काळा येतो म्हणून एक पायरी वाढवली, आणि बटण दाबलं.

"आणि याले हात लावू नका," ती म्हणाली.

पुढच्या गुरुवारी त्या लेआउटमध्ये शंभरेक माणसं पुन्हा होतीच. त्यांच्या मते तसबीर सजीव नसल्यामुळे तो प्रयोग ग्राह्य नव्हता. गिरिधरला हे कळलं तेव्हा त्यानं नुसता सुस्कारा सोडला आणि तो तळहात घेऊन पुन्हा तिकडे गेला. जात राहावं लागणार होतं. पोलीस ठाण्यात जबाब द्यायला तर तो दोनदा गेला.

पण त्याआधी, शुक्रवारी सकाळी, ज्या दिवशी जितेंद्र रितिकाला भिवापूरला नेणार होता, गिरिधरनं तो फोटो छापला आणि गणपतरावांच्या घरी नेला. सावळा चेहरा, दमलेले डोळे, उजव्या गालावरचा कांजिण्यांचा व्रण, जो अल्बममध्ये त्यानं पुसला होता. आत रितिका बोटं मोजत होती, "पाच झाले बाबा, अजून पाच." शोभाताईंनी दार उघडलं. वेदिका धावत आली, तिनं त्याच्या हातातून फोटो ओढला, तो उलटा धरला, मग सुलटा केला.

"आई," ती म्हणाली, आणि तो घेऊन आत पळाली.